जिप्सममधलं पान

सरांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. बाकीची नखं शाळकरी पोराच्या नखांसारखी बारीक कापलेली आणि हे एकच पुढं आलेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, गृहस्थ सतार वाजवत असावेत. तसं मी विचारलंही. उत्तर न देता त्यांनी माझ्या हातात एक पांढरट दगड ठेवला.

"नख लाव."

मी लावलं. दगडावर रेघ उमटली आणि नखात पिठासारखी पूड अडकली.

"हे जिप्सम. आता ह्याला लाव."

दुसरा दगड दिसायला पहिल्याचा सख्खा भाऊ, पण त्यानं माझ्या नखाला अजिबात दाद दिली नाही.

"हे कॅल्साइट. डोळ्यांना फसवतात, नखाला नाही फसवत. आधी नख लावायचं, मग तोंड उघडायचं. आपल्या डिपार्टमेंटचा नियम आहे हा. कळलं का गं?"

डिपार्टमेंट म्हणजे मुलुंडच्या एका कॉलेजातल्या, वरच्या मजल्याच्या टोकाकडच्या दोन खोल्या. एकीत वर्ग, दुसरीत प्रयोगशाळा. भूगर्भशास्त्र शिकवायला सर, प्रात्यक्षिकं घ्यायला मी आणि दोघांवर लक्ष ठेवायला मालवणचे एक शिपाईमामा. विद्यार्थी मोजकेच. ज्यांना केमिस्ट्री मिळाली नाही ते आमच्याकडे यायचे आणि पहिली टर्म तोंड पाडून बसायचे. वर्ष संपेपर्यंत मात्र त्यातले दोघंतिघं तरी रस्त्यावरची खडी उचलून खिशात घालायला लागलेले असत. मग सर खूश.

त्या नखानं सरांनी काय काय तपासलं असेल याला गणती नाही. कँटीनमधली खोबऱ्याची वडी ते आधी नखानं दाबून बघत आणि "परवाची आहे" असं जाहीर करत. साबण घेताना दुकानदारासमोर कागद फाडून नख लावत. माझ्या साखरपुड्याला आले तेव्हा माझ्या आईनं त्यांच्यापुढे लाडू ठेवला आणि मी देवाचा धावा करत बसले. सरांनी नख लावलंच. "झकास झालाय," म्हणाले. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पण एकदा हे नख फार महागात पडलं. कॉलेजच्या एका विश्वस्तांनी आग्र्याहून संगमरवरी ताजमहाल आणला आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना भेट दिला. तो काचेखालून काढून सगळ्या स्टाफला दाखवला जात होता. विश्वस्त स्वतः हजर. सर पुढं झाले, वाकले आणि मी "सर, सर" म्हणेपर्यंत घुमटावर नख ओढून मोकळे झाले. पांढऱ्याशुभ्र घुमटावर रेघ.

"संगमरवर कसलं, जिप्सम आहे हे," सर म्हणाले. "अगदी उत्तम प्रतीचं जिप्सम!"

त्यांना खरंच वाटत होतं की आपण आनंदाची बातमी दिली. विश्वस्तांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत आमच्या दोन खोल्या खुपायला लागल्या.

सरांचं दुसरं वेड पाण्याचं. जिप्सम पाण्यात विरघळतं, म्हणून प्रयोगशाळेत पाण्याचा थेंब आणायचा नाही. चहा उंबऱ्याबाहेर उभं राहून प्यायचा. डब्यात आमटी असेल तर डबा जिन्यात खायचा. पावसाळ्यात पोरं वर आली की सर दारात टॉवेल घेऊन उभे. "डोकं पूस. मान पूस. वाट लावशील माझ्या दगडांची." कपाटात ते चोवीस तास एक बल्ब पेटता ठेवत, आतली हवा कोरडी राहावी म्हणून. युनिव्हर्सिटीचे परीक्षक आले होते, त्यांनाही घामेजले हात पुसल्याशिवाय आत घेतलं नव्हतं. खरं तर जिप्सम इतकं सावकाश विरघळतं की एखाद्या थेंबानं त्याचं काहीही वाकडं होत नाही. हे आम्हाला शिकवलं कुणी? सरांनीच. पण त्यांच्या कपाटाला ते शास्त्र लागू नव्हतं.

शिपाईमामा उंबऱ्याशी कप धरून उभे राहत आणि म्हणत, "सर, ह्यो तुमचो देव सोवळ्यातलो."

दर जूनमध्ये नव्या पोरांचा पहिला तास सर मोठ्या आनंदानं घेत. टेबलावर ट्रे मांडलेले, ट्रेमध्ये चपटे दगड आणि प्रत्येक दगडावर काळ्या रंगाची नाजूक नक्षी. देठ, फांद्या, फांद्यांना पानं. अगदी नेच्याचं झुडूप. "काय आहे हे?" सर विचारत. पोरं एका सुरात सांगत, "सर, झाडाचा जीवाश्म!" सर मान डोलवत, सगळ्यांना वहीत चित्र काढायला लावत, पानं नीट मोजायला सांगत. तासाच्या शेवटी म्हणत, "झाला तुमचा मामा. हे झाड नाही, हा डाग आहे."

मग समजावून सांगत. दगडाच्या फटीत पाणी शिरतं, त्या पाण्यात मँगनीज असतं, पाणी जातं आणि मँगनीज असं फांद्या फुटल्यासारखं पसरून बसतं. भल्याभल्यांना झाड वाटतं. "पण झाड व्हायला ते कधीतरी जगलेलं पाहिजे. हे जगलंच नाही कधी. म्हणून तपासायचं. कितीही सुंदर दिसलं तरी तपासायचं."

आता कपाटातल्या त्या दगडाबद्दल.

वरच्या कप्प्यात, बल्बच्या अगदी जवळ, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली जिप्समची एक लादी होती. सर तरुणपणी राजस्थानातल्या खाणीवर नोकरीला होते, तेव्हा तिथं त्यांना ती मिळालेली. दुधी रंगाचा दगड आणि मधोमध करंगळीएवढी काळी डहाळी. मधली शीर ठसठशीत, दोन्ही बाजूंना चिमुकली पानं. सरांचं म्हणणं असं, की तिथं एकेकाळी समुद्राची खाडी होती. खाडीचं तोंड बुजलं, पाणी आटत गेलं, मीठ होण्याआधी तळाशी जिप्सम बसायला लागलं. त्या खारट डबक्याच्या काठाला कुठलं तरी झुडूप तग धरून होतं, त्याची डहाळी वाऱ्यानं तुटली आणि येऊन पडली. त्या थरात झाडाचा अवशेष तोवर कुणालाच मिळालेला नव्हता. आमच्या सरांना मिळाला होता.

हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. काठावरचं झुडूप त्यांनी स्वतः पाहिलंय असं वाटायचं. आणखी एखादा नमुना मिळावा म्हणून ते सुट्टीच्या दिवशी साकीनाक्याला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कारखान्यात जात आणि राजस्थानातून आलेली जिप्समची पोती उपसत बसत. एकदा मीही गेले होते. मालकाला वाटलं कुठले तरी इन्स्पेक्टर आलेत. त्यानं थंडा मागवला. सर म्हणाले, "दगडात झाडपाला सापडतो का बघतोय." मालक दुखावला. "साहेब, आपला माल एक नंबर आहे. कचरा नसतो आपल्यात." सरांनी त्याची समजूत घालायला अर्धा तास घालवला, की कचरा सापडला तर तुमचं नाव होईल. त्याला काही ते पटलं नाही.

मला मात्र एक गोष्ट पहिल्या वर्षीच खटकली होती. डहाळी काळी आणि ट्रेमधले डागही काळे. मी एकदा विचारलं, "सर, हे तुम्ही तपासलंय ना?"

सरांनी लादी फडक्यात गुंडाळली. "ज्याला बघता येतं त्याला तपासावं लागत नाही," म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं. हेच वाक्य एखाद्या पोरानं म्हटलं असतं तर सरांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं असतं. मला कळून चुकलं, हा माणूस घाबरलाय. मी पुन्हा विषय काढला नाही.

पुढं एका वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावून सांगितलं, की विश्वस्त आपलं डिपार्टमेंट बंद करायला निघालेत. पोरं येत नाहीत, दोन खोल्या अडकल्यात, तिथं कॉम्प्युटरचे वर्ग काढायचेत. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनीच वाट काढली. "तुमचं ते पान आहे ना? त्याचं काहीतरी करा. पेपरात नाव येऊ दे कॉलेजचं. मग बघतो मी कोण बंद करतंय." पुण्याला दगडातल्या जुन्या झाडांचे एक मोठे तज्ज्ञ होते. साहेबांनी त्यांना गाठलं. ते शनिवारी यायला तयार झाले, स्वतःचा कॅमेरा घेऊन. त्यांनी शिक्कामोर्तब केलं की डिपार्टमेंट वाचलं. माझी नोकरीही त्यातच आली, आणि मला ती हवी होती.

बुधवारी साहेबांच्या केबिनमध्ये पुण्याचा ट्रंककॉल आला. लाइन खराब, त्यामुळे पलीकडचे गृहस्थ ओरडून बोलत होते. दारात उभ्या असलेल्या मलाही सगळं ऐकू येत होतं.

"डाग नाही ना हो तो? मँगनीजचा? तपासलंय ना तुम्ही?"

सर उभे होते. साहेब त्यांच्याकडे आशेनं बघत होते.

"तपासलंय," सर म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी रुमालानं हात पुसले. पुसतच राहिले. गुरुवारी ते वर्गात आले आणि काही न शिकवता पोरांना सोडून दिलं. मला त्यांची दयाही येत होती आणि रागही. एवढी वर्षं पोरांना हसलात, मग स्वतःवर वेळ आली तर असं?

शुक्रवारी प्रॅक्टिकल संपलं, पोरं गेली. सरांनी कपाट उघडलं, लादी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "स्पिरिटचा दिवा आण. फुंकनळी आण. ती चिनी मातीची झाकणी पण आण."

तपासणी सोपी होती. पान असेल तर त्याचा आता कोळसा झालेला असणार आणि कोळसा जळून जातो. डाग असेल तर मँगनीज, ते कितीही तापवलं तरी काळं ते काळंच. म्हणजे सरांचं पान खरं ठरायचं तर ते आमच्या डोळ्यांदेखत नाहीसं व्हायला हवं होतं.

सरांनी ब्लेडनं टोकाच्या पानाचा कण खरवडला. झाकणीवर घेतला, दिव्यावर धरला आणि फुंकनळीनं ज्योत त्याच्यावर वळवली. गाल फुगवून ते फुंकत होते. पूड थोडी उडाली आणि पांढरी झाली.

"जळलं, सर!" मी ओरडले.

"काय जळलं? ब्लेडबरोबर जिप्समही आलंय. ते तापलं की त्यातलं पाणी जातं, प्लास्टर होतं, पांढरंच होतं. काळं जळलं की पांढऱ्याखाली दडलं?"

बरोबरच होतं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. जिप्सम इतकं मऊ, की काळं खरवडायला जावं तर पांढरं त्याच्याआधी यायचं. मग सुईनं करून बघितलं. मग भिंगाखाली धरून. एकदा मला वाटलं कण लाल झाला, सर म्हणाले दिव्याचा उजेड असेल. एकदा त्यांना वाटलं, मला दिसलं नाही. "परत," सर म्हणायचे. मीही बाह्या सरसावून बसले होते. "सर, ह्या बाजूनं घ्या, इथं काळं जास्त आहे." आम्ही दोघं अगदी रंगून गेलो होतो. सरांच्या चेहऱ्यावर भीती उरली नव्हती. आता त्यांना फक्त कळायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं मोकळं बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही शास्त्रात काय गंमत असते ते त्या संध्याकाळी कळलं.

शेवटी देठाजवळच्या जाड शिरेखाली सुई गेली आणि एक पापुद्रा सुटा झाला. दोन्हीकडून काळाभोर. पांढऱ्याचा ठिपका नाही. सरांनी तो अंगठ्याच्या नखावर तोलून झाकणीवर सोडला. ज्योत वळवली. पापुद्र्याची कड लाल झाली. ती लाल रेघ सावकाश आत सरकत गेली, पापुद्रा जरासा वळला आणि मग तिथं काही नव्हतं.

सरांनी दिवा विझवला. "भिंगानं बघ. राहिलंय काही?"

"काही नाही, सर."

"नीट बघ."

"काहीच नाही."

सर स्टुलावर बसले आणि रडायला लागले. लपवलंही नाही. "पान होतं गं," म्हणत होते, "पान होतं. झाड होतं तिथं." माझेही डोळे भरून आले. मग त्यांनी हाक मारली, "मामा, चहा आणा! आणि आत आणा!"

शिपाईमामांचा विश्वासच बसेना. कप घेऊन ते उंबऱ्यात अडले. सरांनी स्वतः उठून त्यांना दंडाला धरून आत आणलं, टेबलापाशी उभं केलं. मामांनी कप ठेवले. लादीकडे बघितलं. फडकं उचलून त्याच्याखाली बघितलं.

"सर," ते म्हणाले, "पण पान खंय?"

आम्ही बघितलं. दुधी लादीच्या मधोमध बारीक ओरखड्यांचा एक खळगा होता. टोक नाही, पानं नाहीत, शीर नाही. आम्ही दोघांनी मिळून सगळी डहाळी जाळून टाकली होती.

कपांवर साय धरली.

"प्रत्येक वेळी थोडं ठेवलंच होतं ना गं आपण?" सरांनी मला विचारलं.

"हो, सर," मी म्हटलं. ठेवलं होतंच, प्रत्येक वेळी.

शनिवारी पुण्याचे गृहस्थ आले. साहेबांनी टेबलावर नवं कापड घातलं होतं. सरांनी लादी ठेवली, शेजारी रिकामी झाकणी ठेवली आणि सरळ सांगितलं, "बुधवारी फोनवर तपासलंय म्हणालो ते खोटं होतं. काल तपासलं. जळलं. पान होतं."

गृहस्थांनी भिंग काढलं. तो खळगा बराच वेळ बघितला, झाकणी उजेडात फिरवली, आम्ही काय काय केलं ते माझ्याकडून वेगळं आणि सरांकडून वेगळं विचारून घेतलं. मग भिंग खिशात ठेवलं.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण मी हे कुणाला सांगू शकत नाही."

"सांगूच नका," सर म्हणाले. "मीसुद्धा ऐकून घेतलं नसतं."

साहेबांना धक्का बसला होता. "अहो, निदान एखादा फोटो तरी असेल ना?"

"फोटो हे आज काढणार होते," सर म्हणाले.

वर्ष संपल्यावर डिपार्टमेंट बंद झालं. आमच्या खोल्यांत कॉम्प्युटर आले, मुलांना चपला बाहेर काढायला लागायच्या आणि शिपाईमामा तिथंही दारावरच होते. सर मुदतीआधी निवृत्त होऊन नाहूरला घरी बसले. मी बरेच महिने घरी बसून मग घाटकोपरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. त्या महिन्यांत मी सरांवर मनातून फार चिडले होते. एक पान, फक्त एक पान ठेवलं असतं यार, असं रोज वाटायचं. मी स्वतःच ब्लेडची जागा दाखवत होते हे आठवलं की आणखी चिडायचे.

पुढं लायब्ररीत मला राजस्थानातल्या त्याच जिप्समच्या थरांवरचं एक नवं, जाडजूड पुस्तक दिसलं. झाडांच्या अवशेषांवर त्यात जेमतेम एक ओळ होती. ह्या थरांत वनस्पतींचे अवशेष आढळलेले नाहीत. मी तणतणत पुस्तक घेऊन नाहूरला गेले. सरांनी दार उघडलं, पुस्तक हातात घेऊन ओळ वाचली आणि आत चहा टाकायला गेले.

"सर, हे चूक आहे," मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटलं. "मी पत्र लिहिते त्यांना."

"काय लिहिशील? काय दाखवशील?"

मी फळीवरचे दोन कप काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"चूक नाहीये गं ते," सर म्हणाले. "त्यांना मिळालं नाही, तेवढंच लिहिलंय त्यांनी. बरोबर लिहिलंय."

चहा गाळताना ते गालात हसत होते. एक कप त्यांनी माझ्या हातात दिला.

"आपल्याला मिळालं," म्हणाले.